बिचिर पाळताना या चुका टाळा, निदान पहिली आणि शेवटची तरी

"दादा, टाकीत अजून एक बिचिर चालेल ना?" बिचिर म्हणजे तळाशी राहणारा, लांबट अंगाचा शिकारी मासा. आठवड्यातून एकदा तरी मला हा मेसेज येतो. सोबत फोटो असतो दोन फुटी टाकीचा. त्यात आधीच तीन बिचिर, दोन ऑस्कर (हेही मोठे होणारे मासे) आणि काचेला चिकटलेला सकर मासा. हे सगळे वाढल्यावर राहणार कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "दिवाळीला मोठी टाकी घेणारच आहे." दिवाळी येते, टाकी येत नाही.

दुकानात दिसलेल्या साइझवर हिशोब करणं, ही सगळ्या चुकांची आई. चार इंची पिल्लू 'ड्रॅगन फिश' म्हणून पिशवीत येतं. कुठला बिचिर, हे घेणारा विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही. बिचिरच्या जाती अनेक: सेनेगलस घरच्या टाकीत साधारण फूटभर होतो, डेलहेझीही जवळपास तेवढाच. ऑर्नॅटिपिनिस आणि एन्डलिचेरी मात्र दोन फुटांपर्यंत जातात. मी आधी जबडा बघतो. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आला असेल तर तो बहुधा एन्डलिचेरी किंवा लाप्राडीसारख्या मोठ्या घराण्यातला. वरचा पुढे असेल तर सहसा आटोपशीर जात; ऑर्नॅटिपिनिससारखे अपवाद सोडून.

ऐरोलीत आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाकडे तीन फुटी टाकीत चार छोटे सेनेगलस मजेत होते. अंगावरचे काळे पट्टे आवडले म्हणून त्याने त्यांच्यात सात-आठ इंचाचा एन्डलिचेरी सोडला. मी नको म्हटलं होतं. पंधरा दिवसांत एक सेनेगलस गायब. पोराने दगड उचलले, फिल्टर उघडला, शेवटी धाकट्या बहिणीवर आळ घेतला. पुढच्या आठवड्यात रात्री अकराला फोन. खाली जाऊन बघतो तर एन्डलिचेरीच्या तोंडातून दुसऱ्या सेनेगलसची शेपटी बाहेर. बिचिरचे खवले फरशीसारखे कडक असतात, मासा धड आत जाईना, धड बाहेर येईना. सकाळी दोघेही गेले होते.

म्हणून जोडीदार निवडताना 'स्वभाव शांत आहे का' हे नंतर, आधी तोंडात मावतो का ते बघा. बिचिरची नजर कमजोर, पण नाक तिखट, आणि शिकार रात्रीची. गप्पी, निऑनसारखे चिमुकले मासे म्हणजे त्याचं रात्रीचं जेवण. चार फूट बाय दीड बाय दीडच्या, म्हणजे अडीचशे लिटरच्या टाकीत मी एकाच मापाचे दोन सेनेगलस, चार-पाच वाढलेले सिल्व्हर डॉलर (रुंद, चपटे मासे) आणि एखादा सायनोडॉन्टिस (कॅटफिशची एक जात) ठेवतो. बस्स. वर पाणी रिकामं दिसतं? दिसू दे. बिचिर तळाशी राहतो, त्याला लागतो तळाचा पसारा. उंच टाकी घेऊन त्याला काही मिळत नाही. एन्डलिचेरीच हवा असेल तर सहा बाय दोन बाय दोन फूट. त्यात नुसतं पाणीच पावणेसातशे किलो भरतं, तेव्हा जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये राहत असाल तर आधी इंजिनिअरला विचारा, मग मासेवाल्याला.

फ्लॉवरहॉर्न हा भांडखोर मासा नको, तो पंख फाडतो. सकर नको, तो रात्री बिचिरच्या अंगावर चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. पिल्लाच्या डोक्यामागे पिसासारखे बाहेरचे कल्ले असतील तर ते कुरतडणारे मासेही नकोत. टोकदार खडी नको, घासाबरोबर पोटात जाते. बारीक वाळू घाला. जिवंत फीडर मासे (खाऊ म्हणून विकले जाणारे छोटे मासे) तर अजिबात नकोत, फुकटचे रोग घरी येतात. मी सोललेली, बिनमिठाची कोळंबी लाइट बंद केल्यावर चिमट्याने थेट त्याच्या नाकासमोर धरतो, नाहीतर सिल्व्हर डॉलर सगळं फस्त करतात.

"मासा वर येऊन तोंड मारतोय, घुसमटतोय का?" नाही हो. त्याला फुप्फुसं आहेत, तो हवा घ्यायला वर येतो. सारखाच येऊ लागला तर पाणी तपासा. नवीन टाकीत पाणी पिकायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला, महिनाभर न थांबता मासे सोडणाऱ्यांकडे बहुतेक वेळा तेच बिघडलेलं असतं, आणि हे लोक आधी औषधाची बाटली उघडतात. तांबं असलेलं औषध बिचिरला सोसत नाही.

आता झाकण. ही चूक माझी स्वतःची. फिल्टरच्या पाइपसाठी झाकणात ठेवलेली फट जेमतेम दोन बोटांची. "एवढ्यातून काय जाणार?" असं मीच म्हणालो होतो. सकाळी टाकीत एक सेनेगलस कमी. जमिनीवर ओल्या रेघेसारखा माग, तो दारापर्यंत. चपलांच्या रॅकखाली सापडला, अंगभर धूळ आणि केस, पण कल्ला हलत होता. कातडी ओली असेल तर बिचिर बराच वेळ तग धरतो. ओल्या हाताने उचलून टाकीत सोडला, दोन दिवस जेवला नाही. फट स्पंजने बुजवली. मात्र पाणी काठोकाठ भरू नका, हवा घ्यायला वर चार बोटं जागा लागते.

तो अजून आहे माझ्याकडे. झाकणावर दोन जुन्या फरशा आहेत, आणि चपलांचा रॅक आता दाराबाहेर.