डीआरएम लघुलहरी ऐकायच्या असतील, तर संच सर्वांत शेवटी घ्या

लघुलहरी व मध्यमलहरींवरील डिजिटल प्रक्षेपण, म्हणजेच डीआरएम (डिजिटल रेडिओ मॉन्डिआल), 2003 च्या जूनमध्ये सुरू झाले, पण त्याचे संच आजही दुकानात सहजी मिळत नाहीत. श्रोत्यांकडे संच नाहीत म्हणून केंद्रे हात आखडता घेतात, आणि केंद्रे मोजकी म्हणून कंपन्या संच काढत नाहीत. आकाशवाणीने 35 मध्यमलहरी प्रक्षेपकांवर ही पद्धत बसवली, तरीही हा पेच सुटलेला नाही. अशा अनिश्चिततेत महागडा संच घेण्याआधी हे प्रक्षेपण आपल्या कानांनी ऐकून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात किवीएसडीआर या इंटरनेटवरील सामायिक रिसीव्हरपासून करावी. न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियातील एखादा रिसीव्हर उघडून त्यावर आरएनझेड पॅसिफिक या न्यूझीलंडच्या केंद्राचे डीआरएम प्रक्षेपण शोधावे. पॅसिफिकमधील बेटांवरची स्थानिक केंद्रे हेच प्रक्षेपण घेऊन पुढे ऐकवतात. वेळापत्रकातील यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत, आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फ्रिक्वेन्सी बदलतात हे ध्यानात ठेवावे. पडद्यावर सपाट माथ्याचा, सुमारे 10 किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा दिसला आणि साध्या एएममध्ये पेटत्या स्टोव्हसारखी एकसुरी फरफर ऐकू आली, की ते डीआरएम समजावे. मग डीआरएमची सोय निवडावी. मात्र ती प्रत्येक रिसीव्हरवर चालू असेलच असे नाही.

घरी ऐकायचे असल्यास लघुलहरी पकडणारा एसडीआर डोंगल (संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने चालवायचा छोटा रिसीव्हर) आणि 'ड्रीम' हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. एसडीआरच्या प्रोग्रॅममध्ये यूएसबी (अप्पर साइडबँड; संगणकाचे यूएसबी नव्हे) मोड घेऊन केंद्राच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा 5 किलोहर्ट्झ खाली ट्यून करावे, फिल्टर 10 किलोहर्ट्झपेक्षा थोडा रुंद ठेवावा, आवाज स्वच्छ करणाऱ्या सर्व सोयी बंद कराव्यात आणि तो आवाज आभासी ऑडिओ केबलने (एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्याला देणाऱ्या सॉफ्टवेअरने) ड्रीमकडे वळवावा. तिथले एफएसी (सिग्नलची ओळख), एसडीसी (केंद्राची माहिती) आणि एमएससी (प्रत्यक्ष कार्यक्रम) हे दिवे हिरवे होण्याची वाट पाहावी. पहिले दोन हिरवे आहेत, केंद्राचे नावही दिसते, पण सिग्नल भक्कम असूनही आवाज येत नाही, असे झाले तर बहुधा कोडेक, म्हणजे डिजिटल आवाज उलगडणारा भाग, जुना असतो. एक्सएचई-एएसी या नव्या पद्धतीचा आवाज उलगडणारी ड्रीमची नवी आवृत्ती घ्यावी. सिग्नलच कमकुवत असेल, तर मात्र जुन्या रेडिओसारखी खरखरीतून बातमी ऐकू येत नाही. आवाज तुटतो किंवा थेट गप्प होतो. म्हणून अँटेनाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे: आठ-दहा मीटर तार गच्चीवर, एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्यापासून लांब ताणावी, आणि घरातली उपकरणे एकेक बंद करून ड्रीममधला एसएनआरचा (सिग्नल आणि खरखर यांच्या प्रमाणाचा) आकडा किती चढतो ते पाहावे.

ऐकल्यानंतर केंद्राला अहवाल अवश्य पाठवावा, कारण लघुलहरींवर आपले श्रोते कुठे आहेत हे केंद्राला बहुतांशी अशा पत्रांतूनच कळते. त्यात तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, एसएनआर आणि ऐकलेल्या कार्यक्रमाचा थोडा तपशील लिहावा.