लाकडी होडीच्या सांधी बुजवताना

पंढरपूरच्या चंद्रभागेतील लाकडी होडी दुरुस्त करायची असेल, तर ती उन्हाळ्यात, आषाढी वारीच्या पुरेशी आधी काठावर ओढून सावलीत पालथी घालावी. भर उन्हात ठेवल्यास फळ्या तडकतात. जुने डांबर खरवडून प्रत्येक फळीला दाभण टोचून पाहावे, आणि जेथे ते लोण्यात शिरावे तसे आत जाईल, तेथील लाकूड कुजलेले समजून तेवढा तुकडा बदलावा. येथे काटकसर मुळीच करू नये. सांध्यांत तेलात भिजवलेला सुताचा पीळ बोथट पटाशीने ठोकावा, मात्र गच्च नव्हे, कारण पाण्यात लाकूड फुगते. त्यावर डांबर लावावे. पाण्यात सोडल्यावर सुरुवातीला होडी थोडी पाझरतेच. फळ्या फुगेपर्यंत ती उथळ पाण्यात बांधून ठेवावी.