श्रावणातली रानअळंबी : प्रत्येक वारुळावर चार तरी उमलू द्या

आषाढ सरता सरता पाऊस उघडझाप करू लागला की कोकण-गोव्यात गवताळ वरकसावर, बांधावर, वारुळाभोवती अळंबी डोकं वर काढते. विदर्भात हिलाच सात्या म्हणतात. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पेंढ्यावर घेता येते, ही नाही. जमिनीखाली वाळवी चघळलेल्या पालापाचोळ्याचे जाळीदार गोळे रचते, त्यांवर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. वाळवीवाचून हिची व्यापारी लागवड अजून कुणाला जमलेली नाही. त्यामुळे ‘रानअळंबीचं बियाणं’ म्हणून कुणी पाकीट गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

बाजारात भाव मिटलेल्या कळीला, म्हणून पहाटेच कळ्या न् कळ्या खुडल्या जातात. खरं नुकसान इथे होतं. पहिल्या पावसात उडालेली वाळवी नवं घर करते, पण बहुतेक जातींत बुरशीचं बीज सोबत नेत नाही. कामकरी वाळवी ते नंतर बाहेरून गोळा करते, आणि ते पडतं उमललेल्या छत्रीखालून. इटलीच्या सिसिली बेटावरच्या माडोनी डोंगरांच्या गवताळ उतारांवर धिंगरीचीच एक बहीण उगवते. तिथेही कोवळी असतानाच खुडण्याची सवय नडली. २००६ साली ती अतिसंकटग्रस्त ठरली. ती निदान लागवडीत तरी येते.

तेव्हा प्रत्येक वारुळावर चार-पाच अळंब्या सोडाच, त्याही धडधाकट; किडक्या सोडून उपकार नकोत. बाकीच्या काढताना देठ बुडाशी धरून हलकेच पिळा किंवा सुरीने कापा. खाली मुळासारखा निमुळता पांढरा दांडा थेट त्या गोळ्यापर्यंत गेलेला असतो. त्याच्या मागे कुदळ घेऊन लागू नका, पुढच्या वर्षीची जागाच मोडते. नागपंचमीला जमीन खणायची नाही, हा नेम वारुळापुरता वर्षभर पाळा. अळंबी पिशवीऐवजी बांबूच्या टोपलीत न्यावी. गोव्यात अभयारण्यातून काढायला वनखात्याची बंदी आहे.

काजू-आंब्यासाठी सडा (कातळाचं माळरान) सपाट करताना जेसीबीवाल्याला जिवंत वारुळं आधी दाखवा आणि भोवतीची थोडी जागा राखा. बांधावरच्या वारुळात कीटकनाशक ओतण्याची गरज बहुधा नसते. कलमांना वाळवी लागली तर खोडावरची माती खरवडून गेरू लावा. शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका, अर्धकच्च्या खताला वाळवी हटकून येते.

ओळखीबाबत भीड नको. याच दिवसांत गवतात एक विषारी पांढरी छत्री येते. वर तपकिरी खवले, देठाला कडं, खाली लांब दांडा नाही, आणि जून झाली की पोटाकडची पाती हिरवट पडतात. शंका असेल तर छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा: हिरवट भुकटी पडली तर ती विषारी, रानअळंबीची भुकटी गुलाबीसर असते. पण गुलाबी पडली म्हणजे खायला हरकत नाही, असं समजू नका. वारुळातला दांडा आणि जाणत्याची नजर दोन्ही हवीत. लसूण किंवा चांदीचा चमचा काळा पडण्याची परीक्षा निव्वळ भ्रम आहे. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.