वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर फेरतपासणी सुटली आहे? या चुका टाळा

माझ्या थोरल्या वहिनींची वजन कमी करण्यासाठीची बायपास शस्त्रक्रिया (हृदयाची नव्हे, जठर-आतड्याची) पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात झाली. पहिल्या वर्षी त्या ठरल्याप्रमाणे चार वेळा तपासणीला गेल्या, एकेचाळीस किलो वजन उतरले, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर शस्त्रक्रियेच्या पॅकेजमधले तपासणीचे वर्ष संपले, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले आणि आहारतज्ज्ञ बाईंचा फोन लागेनासा झाला. कोल्हापूर ते पुणे हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर, जे शस्त्रक्रियेपूर्वी कुणाला जाणवलेही नव्हते, ते आता फार वाटू लागले. चौथ्या वर्षी चैत्रातल्या एका दुपारी अंबाबाईच्या देवळाच्या आवारात सगळे जण तापलेल्या फरशीवरून पाय उचलत भराभर सावलीकडे जात असताना वहिनी मात्र संथपणे चालत होत्या, कारण त्यांच्या तळव्यांना चटका जाणवतच नव्हता. रक्ताच्या तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले आढळले. इंजेक्शनांनी पुष्कळसा बधिरपणा गेला, तरी तळव्यांचा थोडा राहिलाच.

पहिल्या वर्षाच्या चांगल्या रिपोर्टवर विसंबणे

सगळ्यात मोठी चूक हीच. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातून स्रवणारे एक प्रथिन लागते. स्लीव्ह या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा बराचसा भाग काढून टाकलेला असतो, तर बायपासमध्ये अन्न त्या भागाला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषले जातात. मात्र यकृतात बी-१२ चा साठा बराच काळ पुरेल एवढा असल्यामुळे सुरुवातीचे रिपोर्ट उत्तम येतात, आणि नेमका साठा आटू लागतो त्या सुमारास माणसाने तपासणी सोडलेली असते. म्हणून ही तपासणी दरवर्षी आणि आयुष्यभर करायची असते. त्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या असाव्यात. बायपास झाली असेल तर जस्त आणि तांबेही पाहावे. यांतली कोणतीही चाचणी पुण्यालाच करावी लागते असे नाही. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या चांगल्या लॅबमध्ये नमुना देऊन रिपोर्ट इथल्याच एमडी फिजिशियनला दाखवता येतो. मूळ सर्जन भेटेपर्यंत थांबण्यात आमची दोन वर्षे गेली, आणि त्याची मला आजही खंत वाटते.

कागदपत्रे मागायला उशीर करणे

वहिनींची फाइल साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत होती. तिच्यात बिले सगळी होती, पण शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद नव्हती. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘बायपास’ एवढेच लिहिलेले होते. बायपासचेही प्रकार असतात, आतड्याचा किती लांबीचा भाग वगळला यावर पुढची कमतरता अवलंबून असते, आणि नव्या डॉक्टरांना हे कळल्याशिवाय नेमका सल्ला देता येत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षांनंतर त्या मिळतीलच असे नाही, म्हणून डॉक्टर बदलल्याचे कळताच लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

फॅमिली डॉक्टरांपासून शस्त्रक्रिया लपवणे

आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने ही गोष्ट गल्लीतल्या दवाखान्यातही सांगितली जात नाही. मग गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन लिहून दिले जाते, आणि बायपासनंतर याच गोळ्यांमुळे जठर आणि आतडे जोडलेल्या जागी अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. धूम्रपानानेही तो धोका वाढतो. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या जुन्याच प्रमाणात चालू राहिल्या, तर चक्कर येण्याची आणि साखर एकदम उतरण्याची भीती असते.

याहून घातक चूक म्हणजे उलट्या आणि अशक्तपणासाठी ‘एक सलाईन लावा’ असे परस्पर सांगणे. थायमिन, म्हणजे बी-१, याचा साठा शरीरात काही आठवड्यांपुरताच असतो. सतत उलट्या होणाऱ्या अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोजची बाटली चढवली, तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. नजर दुहेरी होणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे यांतले काहीही दिसले, तर दवाखान्यात न रेंगाळता थेट मोठे रुग्णालय गाठावे आणि थायमिनचे नाव आपणहून घ्यावे.

गोळ्या चुकीच्या वेळी घेणे

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच घेऊ नये. बायपास झालेल्यांना कॅल्शियम सायट्रेट अधिक चांगले लागू पडते. प्रथिने दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात. पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या पिऊन पोट भरते, पण प्रथिन मटणाच्या फोडीत असते, म्हणून आधी फोडी खाव्यात.

लाजेपोटी तोंड लपवणे

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थोडे वजन परत चढते, आणि अनेक जण तेवढ्याच कारणाने डॉक्टरांकडे जाणे सोडतात. हे फार सामान्य आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. वजन परत वाढलेल्या माणसालाही जीवनसत्त्वांची कमतरता तितकीच होऊ शकते. सासरी-माहेरी ज्या तरुण मुलींना ‘आता बाळाचे बघा’ म्हणून घाई केली जाते, त्यांनीही शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने थांबावे, आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण बायपासनंतर त्यांचे शोषण भरवशाचे राहत नाही.

पोटातली कळ अंगावर काढणे

बायपासनंतर कितीही वर्षांनी, विशेषतः जेवणानंतर, पोटात अचानक तीव्र कळा येऊ लागल्या, तर आतल्या आत आतडे अडकल्याची शक्यता असते. साधे एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट अशा वेळी ठीक येऊ शकतात, म्हणून ‘ॲसिडिटी आहे’ असे ऐकून घरी परतू नये. कोल्हापूरचे सरकारी सीपीआर रुग्णालय असो वा खासगी रुग्णालय, कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात शस्त्रक्रियेचे नाव आणि वर्ष सांगावे, आणि सर्जनला बोलवायला सांगावे. वहिनींच्या पर्समध्ये आता वहीच्या पानाची चार ओळींची चिठ्ठी असते: शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख, वर्ज्य गोळ्यांची नावे, ‘ग्लुकोजआधी थायमिन’, आणि माझा फोन नंबर. तिचाच फोटो पुतण्याच्या मोबाइलमध्येही आहे.