बंदूक घेण्याआधी विसा बघा

टेक्ससमधल्या फ्रिस्कोत येऊन मला अठरा वर्षं झाली. मंडळाच्या पिकनिकला दर उन्हाळ्यात कोणीतरी नवा मुलगा मला बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, "काका, तुमच्याकडे आहे ना? प्लॅन कुठला घेतलाय?" प्लॅन म्हणजे कन्सील्ड कॅरीवाल्यांची, म्हणजे अंगावर लपवून बंदूक बाळगणाऱ्यांची मेंबरशिप: उद्या स्वसंरक्षणात गोळी चालवावी लागली, तर वकिलाचा खर्च उचलणारी. मी उलट विचारतो, "विसा कुठला?" एच-वन म्हणाला की मी त्याच्या हातात कणीस देतो आणि विषय बदलतो.

यात चेष्टा नाही. एच-वन, एल-वन, एफ-वन, एच-फोर, बी-टू यांपैकी कुठल्याही तात्पुरत्या विसावर बंदूकच काय, एक काडतूस जवळ ठेवणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा 15 वर्षांपर्यंत. 2021 पासून टेक्ससमध्ये परवान्याशिवाय बंदूक बाळगता येते हे ऐकून आपली पोरं हुरळतात, पण ती मोकळीक राज्याची. केंद्राचा कायदा आहे तिथेच आहे. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेतली तरी ती 'जवळ बाळगणं'च. शिकारीचं लायसन्स काढलं की सूट मिळते, हे कायद्यात आहे आणि कोणीतरी व्हॉट्सॲपवर ते फिरवतोच. पण ग्रीन कार्डच्या रांगेत दहा वर्षं उभं राहिलेल्याने हरणाच्या आडून हा खेळ खेळू नये असं मला वाटतं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. आणि मी वाचलेल्या प्रत्येक प्लॅनची पहिली अट तीच: बंदूक कायदेशीर हवी. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त भीती, त्याला प्लॅनचा उपयोग शून्य.

ग्रीन कार्ड मिळालेल्यांनीही एक विसरू नये. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात ते बी-टूवर. बंदूक ठेवलेल्या तिजोरीचा नंबर त्यांना सांगू नका. "बाबा, पासपोर्ट तिजोरीत आहेत, काढून घ्या" हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोललं जातं! पासपोर्ट दुसरीकडे ठेवा.

आता प्लॅन. सगळ्यांना सरसकट 'इन्शुरन्स' म्हणतात, पण प्रकार वेगवेगळे. यूएससीसीए या कन्सील्ड कॅरीवाल्यांच्या संघटनेच्या मेंबरशिपमागे विमा पॉलिसी असते. ह्यूस्टनची यूएस लॉशील्ड ही आगाऊ पैसे भरून घेतलेली वकिलाची सेवा. आर्म्ड सिटिझन्स लीगल डिफेन्स नेटवर्कचा सभासदांच्या वर्गणीतला निधी आहे. जाहिरातीतला मिशीवाला काऊबॉय बघू नका, करारपत्र वाचा. वकील कोण निवडणार, तुम्ही की ते? पैसे सुरुवातीलाच देणार, की आधी तुम्ही घर गहाण टाकायचं आणि सुटल्यावर बिल पाठवायचं? जामिनाचे पैसे? दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई द्यावी लागली तर? दोषी ठरलात तर दिलेले पैसे परत मागणार का? बायको त्यात धरली आहे का? घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना सांगतो, मुद्दाम केलेली इजा त्यात सहसा वगळलेली असते. काही पॉलिसींत स्वसंरक्षणापुरता अपवाद असतो, पण फौजदारी वकील त्यातूनही मिळत नाही.

राज्य बदललं की हिशेब बदलतो. न्यूयॉर्कने 2018 साली एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या कॅरी गार्ड नावाच्या अशाच योजनेवर कारवाई केली, आणि ती चालवणाऱ्या लॉक्टन या ब्रोकरला 70 लाख डॉलर दंड भरावा लागला. विरोधक तिला 'खुनाचा विमा' म्हणत. नोकरीसाठी एडिसनला निघालेल्यांनी टेक्ससचं लायसन्स न्यूजर्सीत चालत नाही हे लक्षात ठेवावं. नेवार्कच्या विमानतळावर पेटी उघडून प्रामाणिकपणे "माझ्याकडे बंदूक आहे" म्हणणारे थेट बेड्यांत गेलेत.

परवान्याची सक्ती नसली तरी एलटीसी, म्हणजे टेक्ससचं बंदूक बाळगण्याचं लायसन्स, काढाच. फी 40 डॉलर. शाळेपासून 1000 फुटांच्या आतल्या केंद्रीय बंदीत राज्याचा परवाना असलेल्याला सूट आहे, विनापरवाना माणसाला नाही. आणि हो, मंडळाचा गणपती शाळेच्या ऑडिटोरियममध्ये असतो. बंदूक इमारतीत न्यायची नाहीच, परवाना असला तरी. पार्किंगमध्ये गाडीत बंद करून ठेवा, नाहीतर घरीच.

गोळी चालवायची वेळ आली तर 911 ला फोन, जखमीसाठी ॲम्ब्युलन्स, आणि पोलिसांना एवढंच: माझ्यावर हल्ला झाला, मी सहकार्य करीन, आधी वकील. पुढे तोंड बंद. आपल्या लोकांना खुलासे देण्याची भारी हौस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चालतं ते इथे चालत नाही.

शेवटचं, आणि हे मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. 2019 च्या डिसेंबरात मुंबईहून परतताना चेक-इनच्या बॅगेत नऊ एमएमचं एक जिवंत काडतूस निघालं. रेंजला नेत असे तीच बॅग. अस्तराला आतून भोक होतं, तिथून ते खाली उतरलेलं. डॅलसहून जाताना कोणाच्या नजरेस आलं नाही. विमान गेलं, पोलीस ठाण्यात शस्त्र कायद्याखाली एफआयआर झाला, टेक्ससचं लायसन्स दाखवलं तर हवालदार म्हणाला, "साहेब, हे तिकडचं." रात्री दोन वाजता मी प्लॅनच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन लावला. सहा वर्षं दर महिन्याला पैसे भरत होतो. बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, आमचं संरक्षण अमेरिकेच्या हद्दीपुरतंच. पुढचे चार महिने मी पुण्यात भावाच्या घरी बसून होतो. काडतूस बॅगेत आहे हे मला ठाऊकच नव्हतं, या मुद्द्यावर हायकोर्टात एफआयआर रद्द झाला, पण वकिलाची फी, बिनपगारी रजा आणि नवीन तिकीट धरून मुलीच्या कॉलेजची एक वर्षाची फी त्यात गेली.

रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती घेऊन प्रवास करू नका, भारताचा नाही आणि ऑस्टिनचाही नाही. जॅकेटचे खिसे, गाडीचा ग्लोव्ह बॉक्स, मुलांची जुनी दप्तरं निघायच्या आदल्या दिवशी उलटी करून झटका, अस्तर बोटांनी चाचपा. माझी ती बॅग आता गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. तिच्यावर बायकोने मार्करने लिहून ठेवलंय, "हात लावू नये".