बाळसं धरणं : हा शब्द कधी वापरायचा

नवीन काही सुरू झालं की आपण लगेच लिहितो, "व्यवसायानं बाळसं धरलंय", आणि दुकान उघडून जेमतेम आठवडा झालेला असतो. इथेच गडबड होते. बाळसं जन्मल्या दिवशी नसतं हो. घरात तान्हं बाळ असेल तर आठवून बघा, पहिले काही दिवस त्याचं वजन उलट थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं, मग हळूहळू गाल वर येतात, मांड्यांना वळ्या पडतात, पाचेक महिन्यांत वजन जन्माच्या दुप्पट होतं, आणि तेव्हा आजी म्हणते आता कसं बाळसं धरलंय पोरानं.

म्हणजे क्रम असा लावायचा. कल्पना नुसती सुचली असेल तर अंकुर फुटला म्हणा, काम सुरू झालं पण अजून धडपडतंय तर बाल्यावस्थेत आहे म्हणा, आणि पहिली घसरण पचवून अंग धरायला लागलं की मग बाळसं. आपल्या सिनेमाचंच बघा ना, 1913 मध्ये फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला तेव्हा तो धंदा बाल्यावस्थेत होता, पण 1929 ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, 1932 ला अयोध्येचा राजा बोलपट आला आणि 1933 ला कंपनी पुण्याला गेली, या काळाबद्दल लिहिताना मराठी सिनेमानं बाळसं धरलं असं बिनधास्त लिहा. त्याच्याही पुढे, चांगलं जम बसलेल्या कंपनीला मात्र हा शब्द लावू नका, ती वयात आलेली असते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, सूज आणि बाळसं यातला फरक. "ही सूज आहे, बाळसं नव्हे" असं आपल्याकडे म्हणतात ना, ते फार नेमकं आहे. दोन्हीत अंग भरलेलंच दिसतं, पण एक दुधानं भरलेलं असतं आणि दुसरं आजारानं. ओळखीतल्या एका पोळीभाजी केंद्रानं पहिल्याच महिन्यात उधारीवर तीन शाखा काढल्या, सगळे म्हणाले काय बाळसं धरलंय, आणि ती सूजच निघाली. खूप वाईट वाटलं, कारण स्वयंपाक खरंच छान होता. तेव्हा लिहिण्याआधी एकच बघा, वाढ स्वतःच्या कमाईवर आहे का.

अजून एक, या शब्दात माया आहे. म्हणून भ्रष्टाचार किंवा अफवा "बाळसं धरते" असं वाचलं की कानाला खटकतं, तिथे फोफावणं किंवा मूळ धरणं घ्या. वाचनालय, नाटक मंडळी, बचत गट, लेकीचं पार्लर, यांना तो शोभतो.

वाक्यात घालताना वाढ अजून चालू असेल तर "गट बाळसं धरतोय", झालं असेल तर "गटानं बाळसं धरलं", आणि छापील मजकुरात बाळसे.