नवं कुटुंब एकदा आलं, पुन्हा फिरकलं नाही? या चुका टाळा

नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी पुणे-पिंपरीत आलेलं ख्रिस्ती कुटुंब जवळची मराठी मंडळी (चर्च) शोधत रविवारच्या भक्तीला, म्हणजे उपासनेला, येतं, मागच्या बाकावर बसतं आणि पुढच्या रविवारी दिसत नाही. मग कमिटीत चर्चा रंगते: उपदेश लांबला, पेटीऐवजी कीबोर्ड हवा, वगैरे. माझ्या मते उपदेशाचा यात फारसा दोष नसतो. गडबड होते ती भक्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांत.

सगळ्यात मोठी चूक दारातच होते. "जय ख्रिस्त" म्हणून हात जोडले की लगेच, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" विचारणाऱ्याला वाटतं, आपण ओळख काढतोय. पण आडनाव आणि गावावरून जात हुडकायची खोड बाप्तिस्म्यानंतर कित्येक पिढ्या उलटल्या तरी गेलेली नाही, आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर कळते. नवरा-बायकोपैकी एक जण हिंदू किंवा बौद्ध घरातला असेल तर प्रश्न आणखी टोचतो. नाव विचारा, मुलांची नावं विचारा, राहता कुठे, आलात कसे, एवढं पहिल्या दिवशी पुरे. पाहुण्यांना उभं करून ओळख करून द्यायला लावणंही बंद करा. बोलक्या माणसाचं निभावतं, लाजाळू बाईचा जीव टांगणीला लागतो.

भक्तीची पद्धत सगळीकडे सारखी असते, हाही गैरसमजच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन झालं. त्यामुळे पाटी एकच असली तरी एका चर्चमध्ये गुडघे टेकतात, दुसऱ्यात बसूनच प्रार्थना होते. नवीन माणूस शेजाऱ्याकडे चोरून बघत उठबस करतो. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) "आता उभे राहू या" एवढं म्हटलं तरी काम भागतं. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली नारायण वामन टिळकांची भजनं जुन्यांना तोंडपाठ, म्हणून नुसता नंबर पुकारला जातो. जादा पुस्तकं कुलूपबंद कपाटात आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात! पान उघडून पुस्तक हातात द्या.

प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस) कोणी घ्यायचं आणि न घेणाऱ्यानं जागेवर बसलं तरी चालेल, हे आधीच सांगा. नाहीतर सगळे पुढे निघाल्यावर बाकावर एकटा उरलेला माणूस अवघडून जातो.

लेकरू रडलं की तीन बाक मागे वळून बघतात. आई व्हरांड्यात जाते. तिथे ना पंखा, ना स्पीकर. तिनं भक्ती ऐकलीच कुठे? मागच्या दाराजवळचे बाक लेकुरवाळ्यांसाठी मोकळे ठेवा ("हा आमचा बाक" म्हणणाऱ्यांना पुढे सरकवा), व्हरांड्यात एक स्पीकर आणि दोन खुर्च्या टाका. संडे स्कूलमध्ये पहिल्या दिवशी आईलाही बसू द्या. अनोळखी बाईंच्या हाती मूल सोपवायला कोणीही कचरणारच.

शेवटचा आशीर्वाद होऊन भक्ती संपली की जुने लोक आपापल्या घोळक्यात, नवे स्कूटरपाशी. दर महिन्याला दोन कुटुंबांवर जबाबदारी टाका: आधी नव्यांशी बोलायचं, मग मित्रांशी. फोन नंबर विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. घरी जायचं तर आधी फोन करा. सामानाची खोकी अजून उघडायची असताना सहा जण प्रार्थनेला दारात उभे राहिले की घरची बाई गांगरते. सभासदत्वाचं पत्र आणि वर्गणीचं पावती पुस्तक पहिल्या भेटीत तर काढूच नका.

एवढं करूनही कोणी येत नसेल तर तर्क लढवत बसू नका, मोकळेपणानं विचारा. पिंपरी-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी सकाळी माणूस शिफ्टला असतो. अशा घरांसाठी गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा ठेवता येते.